दादाचं नाक आणि माझी मिरची

माझा दादा वाइन न पिता वाइन निवडतो. हसा, हसा, मीही हसले होते. आमच्या हॉटेलात मी शेगडीवर मांस भाजते आणि कोणत्या ताटाबरोबर कोणती वाइन द्यायची ते तो ठरवतो. सगळे त्याला 'नाक' म्हणतात आणि तो मला 'ठिणगी'. पेला हलवायचा, त्यात नाक खुपसायचं, माझ्या जाळीवरचा करपलेला तुकडा तोंडात टाकायचा, डोळे मिटायचे, की झालं काम. "अर्धं आयुष्य प्यायलो, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे," म्हणतो.

त्या अर्ध्या आयुष्यात वहिनीचे काय हाल झाले ते मी पाहिलंय. मग त्याने सोडली. चार वर्षं थेंब नाही. वहिनीने मात्र एक नेम धरला. दादा घरी आला की बूट काढायच्या आधी दारातच वाकायचा आणि ती त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. दोघंही अवाक्षर काढत नसत. मग ती बाजूला सरकायची आणि तो आत जायचा.

जुन्या मालकांना सगळं ठाऊक होतं. पण त्यांनी हॉटेल विकलं, नवा मालक आला, आणि त्याला कुणी सांगायचं? "दारू सोडलेला माणूस वाइन निवडतो म्हटलं तर उद्याच घरी बसवेल," दादा म्हणाला. आम्ही आपलं तोंडाला कुलूप लावलं.

एका दुपारी मालकाने सहा पाहुणे जेवायला बोलावले. सकाळीच शेगडीपाशी आला, माझा सॉस बोटावर घेऊन चाटला आणि म्हणाला, "ठीक आहे. जरा मिळमिळीत."

मिळमिळीत! वीस वर्षं निखाऱ्यांपुढे उभी आहे मी. घातली डोक्यात राख आणि सॉसमध्ये दुप्पट मिरची. बरगड्यांवर त्याचे तीन हात चढवले. दादाला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, रागात सुचलंच नाही. त्याने आपला नेहमीचा सॉस धरून गडद, तुरट रेड वाइन काढली होती. गोडसर, धुरकट बरगडीला ती छान जुळते. पण मिरचीवर तुरट वाइन म्हणजे आगीत तेल, आणि हे मला त्यानेच शिकवलं होतं.

शेगडी आणि जेवणाची खोली यांच्यात नुसती अर्ध्या उंचीची काच आहे. मालकाने बरगडी चावली, वर वाइनचा घोट घेतला आणि लालबुंद झाला. एक पाहुण्या बाई तर पाणी, पाणी करायला लागल्या. दादाला बोलावणं गेलं.

"ही निवड तुमची?"

"हो, साहेब."

"घोट घेऊन बघितला होता?"

उत्तराची वाट न बघता मालकाने स्वतः पेला भरून त्याच्या हातात दिला आणि ताट पुढे सरकवलं. "आता आमच्यासमोर खा, वर घोट घ्या, आणि सांगा जुळतं का ते."

दादाने बरगडी खाल्ली. पहिल्याच घासाला त्याला कळलं. त्याने काचेवरून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. 'बहिणीने मिरची वाढवली' एवढं म्हणाला असता तर सुटला असता. पण त्याने माझं नाव घेतलं नाही.

"घ्या की! वाइनवाल्यालाच वाइनची भीती?" मालक म्हणाला आणि पाहुणे हसले.

दादाचा एक घोट कधीच एक नसतो, हे घरातल्यांना माहीत आहे. घेतला तर दादा गेला, नाही घेतला तर नोकरी गेली. पेला वर जायला लागला. हनुवटीपर्यंत आला. वास घेताना मिटतो तसे त्याने डोळे मिटले, पण या वेळी ओठ उघडे होते.

मी चिमट्यासकट धावले. काय बोलायचं ते काही ठरलं नव्हतं. पेला हिसकावला, तो अर्धा त्याच्या शर्टावर सांडला.

"मिरची मी वाढवली! मिळमिळीत म्हणालात ना, म्हणून! त्याला पत्ताच नव्हता. त्याला कशाला पाजताय?"

मालक उभा राहिला. "पण एक घोट घ्यायला त्यांना झालंय काय?"

मी तोंड उघडलं, तोच दादाने माझ्या दंडावर हात ठेवला. "ठिणगे, थांब. मी सांगतो." मग मालकाकडे वळला. "साहेब, मी दारुडा आहे. चार वर्षं प्यायलो नाही. वासावर निवडतो. आत्ता नोकरीच्या भीतीने घेणार होतो. आता नाही घेणार."

कुणी हसलं नाही. दादा आत गेला, एक थंडगार, गोडसर पांढरी वाइन घेऊन आला, वास घेतला आणि मालकाच्या पेल्यात ओतली. "या मिरचीला ही चालेल."

मालकाने घोट घेतला. बरगडी चावली. पुन्हा घोट घेतला. मघाच्या बाईंनी आपला पेला पुढे केला तेव्हा कुठे तो बोलला, "चाखायला दुसरं कुणीतरी लागेल."

"मी चाखेन," मी म्हटलं.

"तुम्ही आधी मिरचीला हात लावू नका."

नोकरी वाचली. पण घर बाकी होतं. दादाच्या छातीवर हा एवढा लाल डाग आणि वास दहा पावलांवरून येणारा. "माझं जॅकेट घाल वरून," मी म्हटलं. "नको. लपवालपवी पुष्कळ झाली," तो म्हणाला.

वहिनीने दार उघडलं. डाग पाहिला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"वहिनी, माझ्या हातून सांडली, आईशप्पथ..."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. का बघेल? त्या दिवसांत दादासाठी मी तिच्याशी किती वेळा खोटं बोलले होते, तेही शपथा घेऊन.

दादा वाकला. वहिनीने नाक त्याच्या तोंडाजवळ नेलं. एकदा वास घेतला. डोळे मिटून पुन्हा घेतला. मी श्वास रोखून जिन्यात उभी. मग तिने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"अगं बाई, ओठ बघ किती सुजलेत! कुणी घातली एवढी मिरची?"

"मी," म्हटलं, आणि तिथेच रडायला लागले.

वहिनी बाजूला सरकली.