चिमटेकाकांची शिफारस

पाणीपुरवठा कचेरीतल्या हेडक्लार्कना सगळे चिमटेकाका म्हणत. इंग्रजी पत्रातला शब्द ते जणू चिमट्याने उचलायचे, उजेडात धरून बघायचे आणि बहुतेक वेळा होता तिथे परत ठेवून द्यायचे. फुटलेल्या नळाबद्दलचं पत्र त्यांच्या टेबलावरून निघेपर्यंत पाणी कंटाळून आपलं आपणच थांबलेलं असे.

त्यांचा खरा जीव चार शब्दांवर होता. स्पेशली, एस्पेशली, पर्टिक्युलर्ली आणि स्पेसिफिकली. आपण चौघांनाही ‘विशेषतः’ म्हणून एकाच बाकावर बसवतो. काकांना हे खपत नसे. मुद्दाम एखाद्यासाठी केलं ते स्पेशली, चारचौघांत उठून दिसलं ते एस्पेशली, बारकाईने वेगळं काढलं ते पर्टिक्युलर्ली. नेमकं बोट ठेवणारं स्पेसिफिकली त्यांनी मेमोसाठी राखून ठेवलं होतं. कुणाला मेमो आला की बाकीचे विचारत, “काय, बोट ठेवलं का तुझ्यावर?”

त्या आठवड्यात गाठ टायपिस्टबाईंशी होती. बाई अकरा वर्षं हंगामी. पुढच्या महिन्यात हंगामी जागा बंद होणार होत्या आणि मुख्य कचेरीत एकच कायमची जागा निघाली होती. चार विभागांतून चार अर्ज, निवड हेडक्लार्कच्या शिफारशीवर. शुक्रवारी पाचच्या टपालथैलीत पत्र गेलं नाही, तर बाई घरी.

बाईंचं भलं व्हावं असं काकांना मनापासून वाटत होतं आणि अडचण तीच होती. आस्था थोडी कमी असती, तर पत्र सोमवारीच गेलं असतं.

पत्र तीन ओळींचं. बाई कामात चोख आहेत, एवढंच सांगायचं होतं. पण किती चोख? आणि टाइप कोण करणार? कचेरीत टायपिस्ट एकच.

सोमवारी एस्पेशली टाइप झालं. काकांनी मान हलवली. “याने बाकीचा स्टाफ गचाळ ठरतो.”

“आहेच की,” शिपाई म्हणाला.

बुधवारी पर्टिक्युलर्ली झालं. त्यात काकांना चिकटपणाचा वास आला. गुरुवारी पुन्हा एस्पेशली. शुक्रवारी दुपारी बाईंनी कार्बन नीट केला आणि म्हणाल्या, “काका, स्वतःला चोख म्हणून तीन वेळा टाइप केलंय. आता माझाच विश्वास उडायला लागलाय. स्पेशली घालून टाकू का?”

“तुम्ही काय ऑर्डर देऊन बनवून घेतलेल्या आहात?”

पावणेपाचला शिपाई थैलीचं तोंड आवळायला लागला. बाईंनी नवा कागद चढवला, खाडखाड तीन ओळी उतरवल्या आणि काकांपुढे ठेवल्या. “सही करा.”

“अहो, इथली शब्दाची जागा राहिली.”

“राहिली नाही. मी सोडलीच नाही.”

“नुसतं चोख? फार उघडंबोडकं दिसतं हो.”

“दिसू दे. बाकीच्या तिघींची पत्रं कधीच पोचली. त्यांतली एक कायम होईल आणि मी तुमच्या विचारांच्या कार्बन कॉप्या घेऊन घरी जाईन.”

काकांनी सही केली. आपण माणसाला बिनकपड्याचं बाहेर धाडतोय, अशा चेहऱ्याने.

रविवारी जेवताना त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. “माझ्यामुळे बाईंची नोकरी जाणार,” ते बायकोला म्हणाले.

“माझ्या स्वयंपाकाला तुम्ही तीस वर्षं नुसतं ‘बरा’ म्हणताय,” ती म्हणाली. “मी टिकले ना? वाढू का अजून?”

बुधवारी मुख्य कचेरीतल्या साहेबांचा फोन आला. “तीन पत्रांत तिघीही एस्पेशली चोख. एक तर पर्टिक्युलर्लीसुद्धा. वाचून कंटाळलो. मग तुमचं पत्र उघडलं. शब्दांसाठी जीव टाकणारा माणूस, आणि या बाईंना एकही शब्द जोडावासा वाटला नाही. म्हणजे बाई खरोखरच चोख. त्यांनाच घेतोय. किती विचार केला असेल तुम्ही.”

काकांच्या ओठांवर सबंध खुलासा आला: जागेचा, घाईचा, शिपायाच्या थैलीचा. समोर टाइपरायटरचा आवाज बंद पडला होता. बाईंची बोटं कळांवर होती तशीच होती.

“विचार तर आठवडाभर केला, साहेब,” काका म्हणाले, आणि खुलासा गिळून टाकला.