तिच्या वाट्याचं डुक्कर

कुठल्याही जनावराच्या गळ्याला सुरी लावण्याआधी ती स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवायची, आवंढा गिळायची आणि म्हणायची, "आधी माझा, मग त्याचा." गिळताना थायरॉइड वर सरकतो, तो बोटांना लागतो का ते बघायची. विच्छेदनाच्या टेबलाभोवतीची मुलंही हसत हसत आपापले गळे चाचपायला लागायची. मीही एकदा घरी आरशासमोर करून पाहिलं. मला ठसका लागला.

तुम्ही म्हणाल, ही बाई जळत होती. होय हो, जळत होते! अशा माणसाशेजारी तुम्ही बसून बघा, मग बोलू.

ग्लासगोच्या पशुवैद्यक कॉलेजात आम्ही दोघी एकाच खोलीत होतो. कामही एकच, निरनिराळ्या सस्तन प्राण्यांच्या थायरॉइडची तुलना. माणसात दोन भाग आणि मधे जोडणारी पट्टी. गाईतही ती पट्टी असते. कुत्र्यात बहुतेक वेळा पट्टीच नसते. मी नागपूरहून गेलेली, ती कॉव्हेंट्रीत जन्मलेली. तिचं मराठी म्हणजे "माझा आई म्हणाला" आणि "तुझी चहा थंड झाली". मी कॉलिंग कार्डावरून घरी फोन लावला की ही मागून ओरडायची, "काकू, तुमची मुलगी जेवत नाही!" माझी आई माझ्याशी चार शब्द बोलून म्हणायची, "दे बरं तिला." बाप्पा! कार्ड माझं, आई माझी, आणि गप्पा हिच्याशी.

बरं, भांडावं तर तेही जमू द्यायची नाही. मी तोंड पाडून बसले की माझ्यापुढे टोस्ट ठेवायची. "खा. मग रागव."

अशात तिथे कायमची एक जागा निघाली. दोघींनी अर्ज केला. माझा करार त्या उन्हाळ्यात संपत होता आणि त्याबरोबर व्हिसाही. ही जागा मिळाली तर मी राहणार, नाही तर नागपूरचं विमान. तिला काय, पासपोर्ट तिथलाच. इथे नाही तर दुसरीकडे. ती जागा मला हवी होती, आणि तिला मिळू नये असंही वाटत होतं. दोन्ही अगदी मनापासून.

मुलाखतीत प्रत्येकीने दुसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे एका प्राण्याचा थायरॉइड शोधून दाखवायचा होता. माझ्या वाट्याला घोडा आला, तिच्या वाट्याला डुक्कर, तेही पिल्लू. मी आधी उभी राहिले. आलुबुखाराएवढे दोन्ही भाग स्वच्छ मोकळे केले, मधला बारीक धागासुद्धा तुटू दिला नाही. मुलांनी लिहून घेतलं. आमच्या सरांनी घड्याळ बघितलं.

मग ती आली. सवयीने गळ्यावर बोटं ठेवली, आवंढा गिळला आणि आपल्या गळ्यात जिथे बोटं लागली, नेमकी तिथेच, स्वरयंत्राखाली, डुकराला चीर दिली. फिकट गुलाबी गोळा वर उचलून म्हणाली, "हा थायरॉइड."

तो थायमस होता, भलतीच ग्रंथी! डुकराचा थायरॉइड खूप खाली असतो, छातीच्या तोंडाशी, एकच गडद लाल गोळा. पिल्लाच्या गळ्यात वरपर्यंत थायमसच पसरलेला असतो. हे तिने स्वतः कितीतरी मुलांना शिकवलेलं. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला सांगू?

ती गोळा हातात धरून थांबली. बघितलं. लाल झाली.

"सॉरी," ती मुलांना म्हणाली, "मी तुम्हाला चुकीची गोष्ट दाखवली. मी डुकरात माणूस शोधत होते. आता मला सांगा, मी कुठे बघायला हवं होतं?"

झालं! मुलं बाकं सोडून टेबलाभोवती जमली. कोणी म्हणे मागे, कोणी म्हणे खाली. शेवटच्या बाकावरच्या एका अबोल मुलीने बोट घालून तो लाल गोळा शोधला आणि किंचाळलीच. सर घड्याळ विसरून टेबलाशी वाकले होते. माझी चूक एकही नव्हती, आणि माझ्या टेबलाशी कोणी वाकलं नव्हतं.

जागा तिला मिळाली.

ते सांगायला ती स्वतः आली. "तू रागावली?"

"नाही."

"खोटं. मी असती तर खूप रागावली असती." आणि तिथेच जिन्यात मला घट्ट मिठी मारली. मी हात खालीच ठेवले. मला अजिबात नको होती ती मिठी.

जायच्या दिवशी विमानतळावर तीच सोडायला आली. आत जायच्या रांगेशी ती अशी हमसून रडायला लागली की एका म्हाताऱ्या स्कॉटिश बाईंनी तिला रुमाल दिला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "कुठे चाललीस ग बाळ?" हिने माझ्याकडे बोट दाखवलं. त्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझे डोळे कोरडे. नोकरी माझी गेली, देश माझा सुटला, आणि सहानुभूती तिला!

"फोन कर," ती म्हणाली. मी मान हलवली आणि मागे न बघता आत गेले. बॅगा तपासून झाल्या, बूट घालायला खाली वाकले, आणि तिथेच मला रडू फुटलं. किती वेळ रडले कोण जाणे. मागे वळून पाहिलं, तर मधे भिंत होती.