खोगिराचं पार्सल

"खोगीर हाय म्हनं. आन् घोडं कुठंय?" रांगेत माझ्या मागचा माणूस शेजारच्याला हळूच म्हणाला.

"घोडं मागनं यील, व्हीपीनं."

दोघं हसले. मी वळून पाहिलं नाही.

इंदापूरच्या पोस्टात आम्ही तिघं गेलो होतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, पांढऱ्या कापडात शिवलेलं ते बोजड पार्सल छातीशी धरून खिडकीपाशी उभे होते. आई भिंतीकडेच्या बाकावर बसली होती. घोडी आम्ही आदल्या हिवाळ्यात अकलूजच्या बाजारात विकली होती. तिच्यावर बसणारा माझा भाऊ त्याआधीच, पावसाळ्यात, काविळीनं गेला होता.

खोगीर त्यानं पुण्याला कॉलेजात घोडेस्वारी शिकताना घेतलं होतं, तेही कुणाचं तरी वापरलेलंच. तो गेल्यावर त्याच्या कपड्यांचं बोचकं आप्पांनी दहाव्यालाच घराबाहेर काढलं. गेलेल्या माणसाच्या अंगावरचं घरात ठेवत नाहीत. खोगीर कपड्यांत धरलं नाही, म्हणून ते ओसरीतच राहिलं. आई दुपारी त्याच्याजवळ बसायची. चामड्याला खोबरेल लावायची, पुसायची, पुन्हा लावायची. चहा पुढ्यात ठेवला तरी तिचं लक्ष नसायचं. हे घरातनं गेलं की ही उठेल, असं आप्पांच्या मनानं घेतलं. पण आमच्याकडचे लोक घोड्यावर घोंगडं टाकून बसतात. असल्या खोगिराला बाजारात कुणी हात लावेना. मग एक दिवस आप्पा मला म्हणाले, "तुझ्या इंग्रजीचा काय उपेग होतोय का बघ."

बारामतीत तेव्हा इंटरनेटचं एक दुकान नुकतंच निघालं होतं. तिथल्या मालकाला खांद्यावरून वाचायची सवय होती, म्हणून मी अगदी थोडकं लिहायचे. घोडेस्वारांच्या एका पानावर मी दोन ओळी टाकल्या. बऱ्याच दिवसांनी बंगळूरच्या एका बाईंचं उत्तर आलं. किमतीबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं, टपालखर्चही त्या देणार होत्या. बाकी सगळी मेल बांधणीबद्दल होती. खोगिराच्या पोकळीत कागद कोंबा, म्हणजे आतला सांगाडा दबणार नाही. पाय अडकवायच्या रिकिबी काढून वेगळ्या गुंडाळा, नाहीतर चामड्यावर चरे पडतात. प्लास्टिक नको, बुरशी येते. आणि सगळ्याभोवती एखादं जुनं ब्लँकेट हवंच.

मी ते घरी मराठीत वाचून दाखवलं.

"एवढी बडदास्त तर जावयाची बी करत न्हाईत," आप्पा म्हणाले.

आईनं एकच विचारलं. "कशात गुंडाळा म्हणती ती?"

"जुन्या ब्लँकेटात."

"आपल्यात कुठलं आलंय ब्लँकेट."

दुसऱ्या दिवसापासून ती वाकळ शिवायला बसली. हातात सुई घेऊन बसलेली पाहून आप्पांना बरं वाटलं. तिनं आमच्यापैकी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. बांधणीही तिनं एकटीनं केली आणि वरचं कापड स्वतः शिवून टाकलं.

खिडकीतल्या कारकुनानं पार्सलला मोजायचा टेप लावला, पुन्हा फिरवून लावला. "पाव्हणं, मापात बसत न्हाय. आत काय गुंडाळलंय?"

"वाकळ हाय."

"ती काढा. मंग बसंल."

आप्पांनी त्याच्याकडूनच ब्लेड घेतलं आणि टाके उसवले. वाकळ उलगडून अर्धी खिडकीच्या कट्ट्यावर, अर्धी खाली लोंबली. निळ्या चौकड्या. कॉलेजातल्या घोडेस्वारीच्या खाकी गणवेशाची बाही, तिच्यावर बटण तसंच. दिवाळीचा पिवळा शर्ट. बोचक्यातून भावाचे हे कपडे आईनं कधी परत आणले, वर्षभर कुठं ठेवले, कुणास ठाऊक. मागचे दोघं आता हसत नव्हते.

"ही कापडं घरात होती?" आप्पा आईकडे न बघता म्हणाले.

"ब्लँकेट पायजे म्हनली ना ती बाई," आई म्हणाली. ती बाकावरून उठून आली होती.

आप्पांनी वाकळेची गुंडाळी केली. ती घेऊन ते तसेच उभे राहिले. घरी न्यायची सोय नव्हती, आणि पार्सलात ती मावत नव्हती. शेवटी त्यांनी ती काखेत धरली आणि मला म्हणाले, "लिव तुझ्या त्या बाईला. वाकळंबिगर येतंय म्हणावं."

आईनं उघड्या खोगिरावर तळवा ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

"करायचं का न्हाय?" कारकून म्हणाला. "मागं लोक हायती."

आप्पा माझ्याकडे बघत होते. कारकूनही माझ्याचकडे. इंग्रजी मला येत होतं म्हणून असेल. बंगळूरच्या बाईंना काय हवं, काय नको, हे मी घरात इतक्यांदा वाचून दाखवलं होतं की ते मला पाठ झालं होतं. अनोळखी माणसांपुढे माझा आवाज फुटत नसे, तेव्हाही नीट फुटला नाही.

"आई," मी म्हणाले, "तुला पाठवायचंय का हे?"