मी दुरुस्त केलेला आकडा

अनू आणि विक्रम,

तुमची धाकटी आजी, माझी बहीण मालू, गेली त्याला सहा आठवडे झाले. फोनवर तुम्ही दोघंही विचारता, "आजी, तिचा तो शनिवारचा वर्ग आता बंद करणार ना? थकली आहेस तू." थकले आहे हे खरं. पण फोनवर मला नीट उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

मालूची सगळी नोकरी भूजलाच्या संशोधनात गेली. निवृत्त झाल्यावर इथे चेन्नईत, शोळिंगनल्लूरच्या आपल्या घरी, बाहेरच्या खोलीत, ती जवळच्या सरकारी शाळेतल्या मुलींना शोधनिबंध वाचायला शिकवू लागली. निबंध इंग्रजीत, बोलणं तमिळमध्ये. सुरुवात नेहमी आलेखापासून. त्याखालचा मजकूर ती हाताने झाकायची आणि विचारायची, "काय दिसतंय?" मुली चुकायच्या, हसायच्या, पुन्हा बघायच्या... अर्धा तास त्यातच जायचा. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या मला तो सगळा गोंधळ वाटे.

पुढे तिने प्रत्येकीला घराजवळच्या विहिरीच्या पाण्यात क्षार किती, हे दर आठवड्याला मोजायला लावलं. समुद्र जवळ असल्यामुळे उन्हाळ्यात इथलं पाणी खारट होत जातं. मुली वहीत आकडे आणत आणि मी ते मोठ्या तक्त्यावर स्वच्छ अक्षरात उतरवत असे. एकदा सेल्वी नावाच्या मुलीचा आकडा भर उन्हाळ्यात एकदम खाली आला. मला वाटलं, पोरीने घाईत चूक केली. आधीच्या आठवड्यांशी जुळेल असा आकडा मी लिहून टाकला. कुणाला विचारलंही नाही.

पुढच्या शनिवारी सेल्वी तक्त्यापुढे उभी राहिली. मुली मला पाटी म्हणतात, म्हणजे तमिळमध्ये आजी. "पाटी, हा माझा आकडा नाही," एवढंच ती बोलली. त्यानंतरचे दोन शनिवार ती आली नाही.

मालू ओरडली नाही. "अक्का, तू तिला खोटी ठरवलीस," म्हणाली. "चल, चप्पल घाल."

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इमारतींमागे सेल्वीचं दोन खोल्यांचं घर होतं. मी माफी मागितली. तिची आई संकोचाने पुसलेलीच खुर्ची परत पुसत राहिली. सेल्वी म्हणाली, "तुम्ही इंग्लिश टीचर ना, पाटी. लाल पेन सुटत नाही हातातून." मग तिने विहिरीतून बादली काढली आणि भांडं माझ्यापुढे धरलं. पाणी गोडं होतं. रस्त्याखालचा नळाचा पाइप फुटून पाणी विहिरीत झिरपत होतं. मुलींनीच ते पुढच्या महिन्यात शोधून काढलं. माझ्या आकड्यावरून ते कधीच कळलं नसतं.

सेल्वी आता मालूच्याच विषयात, भूजलात, एमएस्सी करते. मालूच्या तेराव्यानंतर ती भेटायला आली, तेव्हा मी तिला सांगून टाकलं, "मला झेपत नाही आता. वर्ग बंद."

ती म्हणाली, "तुम्ही फक्त दार उघडा, पाटी. बाकी मी बघते. तक्त्याला मात्र हात लावायचा नाही."

गेले तीन शनिवार मी दार उघडते आणि आतल्या खोलीत जाऊन आडवी होते. झोप लागत नाही. मुली फार आवाज करतात, आणि मालू नाही हे त्या आवाजातच जास्त जाणवतं... दुखतं. तरी तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, वर्ग चालू आहे. शिकवते सेल्वी. सात मुली येतात.