‘म’ची टाच

आमच्या शिवाजी पेठेत गुंडू पेंटरांना सगळे मास्तर म्हणतात आणि मास्तर सगळ्यांना चोर समजतात. दूधवाला पाणी घालतो, रंगवाला डबा अर्धा भरतो आणि शेजारी राहणारा मी त्यांच्याकडे कोण येतं-जातं यावर नजर ठेवून असतो, असं त्यांचं पक्कं मत. यातलं शेवटचं खरं आहे.

चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या, पण अक्षर एकच. जाडजूड, गोलसर, जुन्या वळणाचं, पोट सुटलेल्या पैलवानासारखं. प्रत्येक दांडीच्या तळाला पसरट टाच. पेढ्यांच्या दुकानावर, तालमीवर, कुस्तीच्या जाहिरातीत ते शोभायचं. दवाखान्याची पाटी मात्र त्यांनी त्या अक्षरात कधी केली नाही. आजारी माणसाला ते चिडवल्यासारखं वाटतं, म्हणायचे. आणि पाटीतल्या अगदी शेवटच्या दांडीची टाच ते मुद्दाम अर्धी छाटत, नजर लागू नये म्हणून. हे त्यांनी एकालाच शिकवलं होतं, कागलच्या विश्वजितला, म्हणजे त्यांच्या इश्याला. तो त्यांचा एकुलता एक शिष्य. शिकून निघाला तेव्हा मास्तरांनी त्याला स्वतःचा खारीच्या केसांचा ब्रश दिला होता.

गेल्या वर्षी रंकाळ्याकडे एक हॉटेल निघालं. पाटीवर ‘मराठमोळी मिसळ’, अक्षर हुबेहूब मास्तरांचं, पण कॉम्प्युटरवर काढलेलं. फॉन्ट इंटरनेटवर मिळतो, कुणी केला ठाऊक नाही, असं मालक म्हणाला. मास्तर पाटीखाली जाऊन उभे राहिले. ‘म’ची टाच अर्धी छाटलेली होती.

“इश्याच,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणाला ठावंच न्हाय की हे.”

मग विश्वजितचा फोन घेणं बंद. दिवाळीला तो फराळ घेऊन आला, तर त्याला दारातूनच परत पाठवलं. मला त्या दिवशी मास्तरांचा भयंकर राग आला. शेवटी मीच त्यांना स्कूटरवर बसवून कागलला नेलं, काय ते तोंडावर विचारा म्हणून.

विश्वजित एका पत्र्याला पांढरा रंग देत होता. मास्तरांनी उभ्याउभ्याच सुरुवात केली. “माझी अक्षरं इकलीस.”

त्यानं हातातलं काम ठेवलं. “मास्तर, त्या पाटीवर ‘म’ किती हाईत?”

“तीन.”

“टाचा किती तुटल्यात?”

“तिन्ही.”

“तुमच्या हाताखाली शिकलेला माणूस तिन्ही तोडंल व्हय? पेठेतल्या तुमच्या ‘तालीम’च्या पाटीचा कुणीतरी फोटो काढलाय. त्यातला शेवटचा ‘म’ उचललाय. त्याला वाटलं, तुमचा ‘म’ असाच असतोय.”

मास्तर स्टुलावर बसले. चुकलं, हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. विश्वजितनं फळीवरून तो खारीच्या केसांचा ब्रश काढला, स्वच्छ पुसला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

“ह्यो तुमचा. मला न्हाय पेलायचा आता.”

अक्षरं कुणी उचलली ते अजून कळलेलं नाही. मास्तर विचारतही नाहीत. दर अमावास्येला विश्वजितचं काम बंद असतं, तेव्हा ते ब्रश घेऊन एसटीनं कागलला जातात. तो त्यांना चहा पाजतो, हातापायाची चौकशी करतो, आणि ब्रशासकट गाडीत बसवून देतो.