पोट दाखवायला कारंज्याला

माझ्या आयुष्यात मी एकदाच मरायला टेकलो, आणि त्या वेळी माझी प्रकृती अगदी ठणठणीत होती.

पन्नास सालानंतरची दोन-चार वर्षं असतील. मी मानोऱ्याच्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो. घरात आम्ही तिघंच. मी, माझी माय आणि दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली माझी बायको. त्या काळी गावात मास्तराला मोठा मान असे. मान म्हणजे काय, तर त्याला रस्त्यावर उभं राहून काही खाता येत नसे! बाजाराच्या दिवशी भज्यांच्या कढईजवळून मी नाकासमोर बघत, श्वास रोखून जायचो. कढईभोवती उभे असलेले निम्मे लोक माझे विद्यार्थी आणि उरलेले निम्मे त्यांचे बाप. त्यातून आरोग्याचा धडाही माझ्याच गळ्यात. 'उघड्यावरचे पदार्थ खाऊ नयेत' हे वाक्य मी फळ्यावर इतक्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं की तपासणीला आलेल्या साहेबांनी चांगला शेरा दिला. (लिहिताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, हे त्यांना कुठून दिसणार?)

घरी भजी होत नव्हती असं नाही. सणावाराला माय करायची. पण घरच्या भज्यांना ती चव नाही. बाहेरच्या भज्यांत जे काय पडतं, धूळ म्हणा, धूर म्हणा, कालचं तेल म्हणा, ते आमच्या घरात मिळत नव्हतं.

म्हणून मी बेत आखला. शनिवारी शाळा सकाळची. दुपारच्या मोटारीनं एकट्यानं कारंजा गाठायचं आणि रविवारी संध्याकाळी परतायचं. कारंजा मोठी बाजारपेठ, तिथं मला कुत्रंही ओळखत नव्हतं. मिरचीचे भजे, मूंगवडे, आलुबोंडे आणि शेवटी गुळाची जिलेबी, असा क्रमही ठरवून ठेवला. राहिलं घरी सांगायचं कारण. बराच विचार करून मी पोट निवडलं. खोटं बोलायला पोटासारखा अवयव नाही. हात मोडला म्हटलं तर लोक बघायला मागतात, पोटाचं कोण काय बघणार?

"माय, कारंज्याच्या वैदाले पोट दाखवाले जातो म्हणतो."

"काहून? कधीपासून दुखून राह्यलं?"

इथं मी "कालपासून" म्हटलं असतं तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. पण कारण भक्कम वाटावं म्हणून मी म्हणालो, "दिवाळीपासून."

तेव्हा होळी जवळ आली होती. मायनं हातातलं सूप खाली ठेवलं. बायको चुलीपासून हळूच म्हणाली की रोज चार भाकरी तर खातात. त्यावर माय म्हणाली, "तेच तं! खाल्लेलं अंगी लागून नाई राह्यलं पोट्ट्याच्या." मी मुळातच काडीसारखा. माझ्या बरगड्यांनी माझ्याविरुद्ध साक्ष दिली.

दुपारी माय मला मोटारीपर्यंत सोडायला आली, तिथं बेताला पहिलं भोक पडलं. मोटार चालवणारे कासमभाई सगळ्या गावाचे. कोणाचा निरोप, कोणाची लेक, कोणाचं दुखणं, सगळं तेच पोचवायचे. मायनं त्यांच्यापुढे हात जोडले आणि मला त्यांच्या हवाली केलं. कासमभाईंनी छातीवर हात ठेवून शब्द दिला की मास्तरसाहेबांना मी स्वतः वैद्याच्या ओसरीवर नेऊन बसवीन, त्याआधी पाणीसुद्धा पिणार नाही. (मला तर त्याआधी बरंच काही खायचं होतं.)

मला इंजिनाशेजारची मानाची जागा मिळाली. खड्डा आला की कासमभाई मोटार बैलगाडीसारखी हळू करायचे आणि मागं तोंड करून ओरडायचे, "पोटाचा पेशंट हाये, दणका नाही बसाले पाह्यजे!" त्यामुळे दोन कोसांत सगळ्या मोटारीला माझं पोट ठाऊक झालं. एकानं हिंग सांगितला, दुसऱ्यानं गोमूत्र. एका म्हातारीनं कोणाला न विचारता माझं पोट दाबून पाहिलं, दगडासारखं लागतं म्हणाली आणि मूठभर ओवा माझ्या तोंडात कोंबला. मागच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी त्यांच्या मामाला असंच दुखत होतं ते सविस्तर सांगितलं. मी धीर करून विचारलं की मग मामा कोणत्या औषधानं बरे झाले? ते खिडकीबाहेर पाहू लागले. कारंजा येईपर्यंत माझं खरंच थोडं दुखायला लागलं होतं.

पण मोटार थांबली आणि वास आला! स्टँडच्या कडेलाच लक्ष्मण भजेवाल्याची कढई उकळत होती. हिरव्यागार मिरच्या बेसनात बुडून तेलात पडत होत्या आणि सोनेरी होऊन वर येत होत्या. ओवा, हिंग, मामा, मी सगळं विसरलो. कासमभाई टपावरचं सामान उतरवत आहेत एवढं बघून मी कढईजवळ गेलो आणि पानभर भजे मागितले. लक्ष्मणनं पळसाच्या पानावर सात-आठ भजे टाकले, वर मीठ भुरभुरलं. मी हात पुढं केला. तो मनगटाशी मागून कोणीतरी धरला.

"लक्ष्मण, यायले देऊ नको," कासमभाई म्हणाले. "मानोऱ्याचे मास्तर हाये. दिवाळीपासून पोटानं हैरान."

लक्ष्मणनं ते पान असं मागं घेतलं, जणू त्यात विंचू होता. "गुर्जी, माह्या हातून असं पाप नका करवू," तो म्हणाला.

"एक तरी द्या हो," मी म्हणालो. माझा आवाज कापला. भुकेनं कापला, पण कासमभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या कापऱ्या आवाजानं पुढं काय केलं ते सांगतोच.

वैद्यबुवांनी माझी नाडी धरली, डोळे मिटले आणि सांगितलं की याला काहीही झालेलं नाही. वैद्य खरोखरच उत्तम होते! पण कासमभाई बाजूलाच उभे होते, संध्याकाळी त्यांची मोटार मानोऱ्याला परत जाणार होती आणि जे ऐकतील ते मायच्या कानी जाणार होतं. मी घाबरून म्हणालो, "नाही कसं? दुखते ना." वैद्यबुवांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा नाडी धरली. मग त्यांनी सावकाश सांगितलं की रोगी म्हणतो तर असेल. संध्याकाळी एरंडेल, नंतर तीन दिवस मुगाचं पाणी, मुक्काम इथंच ओसरीवर.

कासमभाई समाधानानं गेले. एरंडेलाला अजून तास-दीड तास होता. देवळात जाऊन येतो म्हणून मी निसटलो आणि गावाच्या दुसऱ्या टोकाची कढई शोधून काढली. ओळख नको म्हणून टोपी खिशात घातली आणि उपरणं हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधलं. भजेवाल्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि कळवळून विचारलं, "दाढ दुखून राह्यली का जी?" उत्तराची वाट न बघता त्यानं डब्यातली लवंग काढून माझ्या गालात बसवली, ती दाताखाली दाबून ठेवायला सांगितली आणि बजावलं की दाढ ठणकत असताना गरम भजे म्हणजे मरण. कारंज्याचे लोक इतके मायाळू असतील याची मला कल्पना नव्हती. तोंड बधिर करून मी परत आलो तेव्हा वैद्यबुवा एरंडेलाची वाटी घेऊन ओसरीवर बसलेच होते.

त्या रात्रीबद्दल एवढंच सांगतो की वैद्यबुवांचं परसू मला अंधारात पाठ झालं.

इकडे मानोऱ्यात काय घडलं ते मला मागाहून कळलं. कासमभाईंनी मोटार लावली आणि तडक आमचं घर गाठलं. मास्तर वैद्याकडे पोचले, औषध सुरू झालं, एवढं सांगून त्यांनी थांबायला हवं होतं. पण माणूस मनाचा मोकळा. ते म्हणाले, "माय, मास्तर भजे मांगत होते. रडून रडून मांगत होते."

मायनं एवढंच विचारलं, की सकाळची पहिली मोटार किती वाजता सुटते. माझ्या वडिलांनी जायच्या दोन दिवस आधी सीताफळ मागितलं होतं, आणि पथ्य म्हणून तिनं ते दिलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी ओसरीवर आडवा पडलो होतो. अंगात उठायचं बळ नव्हतं. इतक्यात गल्लीच्या टोकाशी गलका ऐकू आला. पुढं माय, डोक्यावरचा पदर सुटलेला. मागं माझी बायको. तिच्यामागं कासमभाई. त्यांच्यामागं लक्ष्मण भजेवाला, डोक्यावर परात घेऊन! आणि त्याच्यामागं कारंज्यातले कामधंदा नसलेले सगळे लोक. परातीत भज्यांचा डोंगर होता. मिरचीचे, मूंगवडे, आलुबोंडे, बाजूला जिलेबीसुद्धा. मी मनात ठरवलेला क्रम जसाच्या तसा माझ्यासमोर मांडला गेला.

"खा बाप्पा," माय माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली. "जे मन करते ते खा. आता तुले कोणी नाई म्हणत नाई."

वाचकहो, कढईतून नुकतेच काढलेले भजे होते ते. वाफ येत होती. आणि रात्रभर एरंडेलानं धुऊन निघालेलं माझं पोट त्या वासानं असं ढवळून आलं की मी तोंड फिरवून भिंतीकडं पाहिलं. मागं एकच हंबरडा उठला. काल रडून मागत होता, आज अन्नाकडे पाहतही नाही! एका जाणत्यानं टोपी काढली.

मग माझं बायकोकडं लक्ष गेलं. ती रडत नव्हती. पळसाचं रिकामं पान हातात धरून, मी एक तरी भजा घेईन म्हणून उभी होती. तेव्हा मला माझी अशी काही लाज वाटली की आजही ते आठवलं तरी कान तापतात. मी उठून बसलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "माय, मले काही झालं नाई. माह्यं पोट दुखत नाई. मी भजे खायालेच आलतो."

माय गर्दीकडं वळून म्हणाली, "वात झाला पोराले. बडबडून राह्यला."

मी शपथ घेतली. गर्दीनं एकमेकांकडं बघून मान हलवली. आयुष्यातलं सगळ्यांत खरं वाक्य मी बोललो होतो, आणि कोणी माझ्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत होतं! शेवटी वैद्यबुवा पूजा आटोपून बाहेर आले. ते शांतपणे म्हणाले, "मी कालच सांगितलं होतं, याला काहीही झालेलं नाही. दुखतं म्हणून हट्ट यानंच धरला."

कासमभाई आभाळ न्याहाळू लागले. टोपी काढलेल्यानं ती परत घातली. मायनं एकदा मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पदरानं डोळे कोरडे केले आणि भिंतीला टेकून खाली बसली.

तेव्हा माझी बायको परातीसमोर बसली. तिनं मिरचीचा एक भजा उचलला, फुंकर घातली आणि भरल्या गर्दीसमोर खाल्ला. मग दुसरा. जन्मात तिनं कधी बाहेरचं खाल्लं नव्हतं. तिसरा संपवून तिनं माझ्याकडं पाहिलं.

"मले सांगतलं असतं तं मीबी आली असती ना जी," ती म्हणाली. "मले काय जीभ नाई का?"

तिनं एक पान भरून मायपुढं ठेवलं. मायनं आधी नको म्हटलं, मग एक मूंगवडा तोडून पाहिला, मग पान जवळ ओढून घेतलं. कासमभाई बसले, लक्ष्मण बसला, वैद्यबुवांनीही एक आलुबोंडा औषधापुरता घेतला. माझ्या हातात मुगाच्या पाण्याची वाटी आली. ती मी संपवली, कारण माय एका डोळ्यानं बघत होती.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी मी शाळेतून घरी येताच मायनं पोट धरलं. अर्ध्या तासानं बायकोनंही धरलं. दोघींनी लगेच लुगडी बदलली आणि कारंज्याच्या वैद्यांना दाखवायला म्हणून दुपारची मोटार धरली. त्यांचं ते दुखणं पुढं कित्येक वर्षं महिन्याच्या महिन्याला येत राहिलं, आणि दर वेळी मी दार लावून घरी एकटाच खिचडी शिजवत बसलो. तीही करपायची.