दादाच्या गाडीला नवे ब्रेक

चष्मेवाल्या काकूंचं दुकान उताराच्या पायथ्याशी आणि घर माथ्यावर. मधल्या वळणावळणाच्या रस्त्याने त्यांची फिकट हिरवी जुनी गाडी रोज सकाळी मोठ्या तोऱ्यात खाली उतरायची. गाडी नवऱ्याची. तो गेल्यावर काकू साठीच्या उंबरठ्यावर ती चालवायला शिकल्या, तेव्हा ओळखीच्यांनी तोंडात बोटं घातली होती. दिवसभर काचा घासायच्या, लोकांच्या नाकांची मापं घ्यायची आणि संध्याकाळी गाडीत बसायचं. दार ओढून घेतलं की त्यांना घरी पोचल्यासारखंच वाटे.

एका सकाळी मात्र उतारावर त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडीने ऐकलंच नाही. पेडल पायाखाली दगडासारखं घट्ट, अन् गाडी आपली चाललीये. आवाज नाही, हिसका नाही. कुंपणं, झाडं, दोरीवरच्या ओल्या चादरी अलगद मागे सरकत होत्या. क्षणभर काकूंना भीतीसुद्धा वाटली नाही. आपण तरंगतोय एवढंच वाटलं. मग भान आलं. त्यांनी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली. बंपर चेपला, त्यांना खरचटलंसुद्धा नाही. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

पण दुपारी दुकानात डोळा लागला की गाडी स्वप्नात यायची. उतार संपायचाच नाही. दुकान मागे पडे, चौक मागे पडे, गाडी लोकांच्या घरांतून, पलंगांमधून, खिडक्यांतल्या पडद्यांना न हलवता वाहत जाई. शेजारी नवरा चष्मा पुसत बसलेला. "पोचलो का गं?" तो विचारी, आणि काकू दचकून जाग्या होत.

शेवटी काकू मेस्त्रीकडे गेल्या. मेस्त्रीने चाक फिरवून पाहिलं. "पुढचे ब्रेक ड्रमचे आहेत, काकू, बंद डब्यासारखे. लांब उतारावर दाबून धरले की आतल्या आत तापतात, आणि तापले की हात टेकतात. पुढे डिस्क बसवू. ती उघडी असते, वारा लागतो, लवकर निवते. मागचे ड्रम राहू देत."

गाडी गॅरेजात गेल्याचं कळताच धाकटे दीर तणतणत हजर झाले. थोरल्या भावाच्या वस्तूला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

"वहिनी, दादाने गाडी जशी ठेवली तशी राहू द्या ना!"

"डिस्क बसली तर चाकंही मोठी लागतील," मेस्त्री गाडीखालून म्हणाला. "जुनी घासतील."

"चाकंही बदलणार? मग दादाचं उरलं काय?"

"हॉर्न," मेस्त्री म्हणाला.

काकूंना हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. "भावोजी, मागे एका सकाळी उतारावर गाडी थांबली नाही," त्या म्हणाल्या. "मी ढिगावर घातली म्हणून इथे उभी आहे."

चेपलेल्या बंपरकडे दिरांचं लक्ष आत्ता गेलं.

काम चाललं तेव्हा ते रोज येऊन बसू लागले. नवी डिस्क पाण्यावर तवंग चमकावा तशी चमकत होती. शेवटी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची वेळ आली आणि पेडलवर पाय द्यायला माणूस हवा होता. मेस्त्रीने दिरांकडे पाहिलं. ते निमूटपणे दादाच्या जागेवर बसले.

"दाबा... धरून ठेवा... सोडा."

पारदर्शक नळीतून बुडबुडे निघत होते. आधी भराभर, मग एखाददुसरा. दिरांनी खाली पाहिलं. पेडलचं रबर एकाच कोपऱ्यात झिजून गुळगुळीत झालं होतं. दादा पाय तिरपा टाकायचा.

"सोडा," मेस्त्री म्हणाला. दिरांना ऐकूच आलं नाही. काकूंनी खिडकीतून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांनी पाय उचलला.

"रबर तेवढं बदलू नका," ते म्हणाले.

"ते कोण बदलतंय?" काकू म्हणाल्या.

नवे ब्रेक जरा मुरवावे लागतात. गाडी पळवायची, ब्रेक हलके दाबून वेग उतरवायचा, थोडं निवू द्यायचं, पुन्हा पळवायची. मेस्त्रीने तसं बजावून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी काकू आणि दीर सपाट रस्त्याला लागले. सगळीकडे धुकं. रस्ता थोडासाच दिसे, पुढे नुसतं पांढरं. गाडी त्या पांढऱ्यात श्वास घेतल्यासारखी वेग घेत होती, सोडत होती. दीर आपणहून बोलू लागले. लहानपणी दादाने त्यांना सायकलच्या दांड्यावर बसवून कुठे कुठे नेलं होतं, कसं एकदा दोघंही तळ्यात पडले होते. काकूंनी यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, आपला नवरा आपल्याला भेटायच्याही आधीच्या वयात कुठेतरी या धुक्यातच सायकल मारत असेल.

"वहिनी, थांबवा जरा."

काकूंनी ब्रेकवर पाय टेकला. गाडी मऊपणे, सरळ रेषेत थांबली. दीर उतरले आणि ओल्या गवतात शिरले. काकूंनी इंजिन बंद केलं, काच खाली घेतली. नव्या ब्रेकचा कोमट, करपट वास आत आला. दिरांची पाठ धुक्यात फिकट होत गेली. पुढे कुठेतरी पाण्यात बदकं पंख झटकत होती.

"तळं इथेच आहे!" पांढऱ्यातून दिरांची हाक आली. "वहिनी, या ना!"

काकूंनी चपला गाडीतच काढल्या आणि त्या हाकेच्या दिशेने निघाल्या.